शेळीही तोंड लावत नाही ते झुडूप

मेडिकलमध्ये जाऊन खोकल्याचं औषध मागितलं की समोर दोन प्रकारच्या बाटल्या येतात. एकीवर हिरवं पान छापलेलं असतं आणि मोठ्या अक्षरात अडुळसा लिहिलेलं असतं, दुसरीवर पानबिन काही नाही, मागे बारीक अक्षरात ब्रोमहेक्झिन नाहीतर ॲम्ब्रोक्सॉल असं नाव. मग घेणारा आपापल्या स्वभावाप्रमाणे निवडतो. कुणी म्हणतं आपलं आयुर्वेदिकच बरं, साइड इफेक्टची भानगड नको, कुणी म्हणतं झाडपाल्यावर माझा विश्वास नाही, नीट औषध द्या. मी फार्मसी कॉलेजात फार्माकोग्नोसी शिकवते, म्हणजे औषधं जिथून येतात त्या वनस्पतींचा विषय, आणि नवीन बॅच आली की मी या दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवते आणि सांगते की पोरांनो, या दोघी एकाच घरातल्या आहेत. त्यांना ते पटत नाही. पटवायला मग अख्खा तास जातो, आणि खरं सांगायचं तर वर्षभरातला माझा सगळ्यात आवडता तास तोच.

अडुळसा ओळखायला अगदी सोपा. पुरुषभर उंचीचं, कधी त्याहून थोडं वर जाणारं झुडूप, पानं लांबट, टोकदार, समोरासमोर जोडीने आलेली, चुरगळली की एक उग्र वास येतो जो आवडायला जरा वेळ लागतो. हिवाळ्यात पांढरी फुलं येतात, खालच्या पाकळीवर जांभळट रेघा, आणि फुलाच्या बुडाशी मध असतो जो आमच्याकडे कराडच्या बाजूला लहान पोरं अजूनही चोखतात. बांधाला, परसाला कुंपण म्हणून अडुळसा लावायची रीत फार जुनी, कारण शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. पान कडूजहर असतं. हा कडूपणा ज्या अल्कलॉइड नावाच्या रसायनांमुळे येतो तीच पुढे औषधाच्या कामाला आली, पण झाड ती आपल्या खोकल्यासाठी तयार करत नाही हे मला मुलांना मुद्दाम सांगावं लागतं. किडीने खाऊ नये, जनावराने ओरबाडू नये म्हणून झाडाने केलेली ती स्वतःची सोय आहे. आपण नंतर आलो आणि त्यातून आपल्या उपयोगाचं शोधलं. एकदा हे डोक्यात बसलं ना की 'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' हे वाक्य आपोआप गळून पडतं, त्यावर मी पुढे येणारच आहे.

माझी आत्या अडुळशाचा रस काढायची ते मी जवळून बघितलंय. कच्ची पानं नुसती कुटून पिळली तर थेंबसुद्धा धड निघत नाही, पान चिवट असतं आणि रस धरून ठेवतं. म्हणून ती पानं ठेचून त्याचा गोळा करायची, तो एरंडाच्या पानात घट्ट गुंडाळायचा, वरून दोऱ्याने बांधायचा, त्यावर ओल्या मातीचा बोटभर जाड थर लिंपायचा आणि चुलीतल्या निखाऱ्यात सरकवून द्यायचा. माती लालसर झाली की चिमट्याने बाहेर ओढायचा, फोडायचा, आणि आतला वाफाळलेला गोळा फडक्यात घालून पिळायचा, हात भाजत असतानाच, कारण निवला की परत निघत नाही. काळपट हिरवा रस वाटीत जमायचा, त्यात मध आणि चिमूटभर पिंपळीची पूड. आयुर्वेदात याला पुटपाक म्हणतात हे मला नंतर कॉलेजात कळलं, आत्याला ते नाव माहीतही नव्हतं. तिला हे माहीत होतं की असं केलं की रस निघतो आणि असं केलं की मुलं रात्री झोपतात. पिंपळीचं लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

आयुर्वेदात याला वासा म्हणतात, आणि एक जुना श्लोक आहे ज्याचा अर्थ असा की वासा जोवर आहे आणि जगायची आशा जोवर आहे तोवर रक्तपित्त (म्हणजे नाकातोंडातून रक्त पडणं), क्षय आणि खोकल्याच्या रोग्याने खचून का जावं. मला तो श्लोक खूप आवडतो, त्यात वैद्याचा आवाज ऐकू येतो, रोग्याच्या उशाशी बसून धीर देणाऱ्या माणसाचा. पण श्लोक हा पुरावा नसतो. तो आपल्याला कुठे शोधायचं ते सांगतो, पुढचं काम आपण करायचं असतं. आणि ते काम करणाऱ्या माणसांची साखळी मला श्लोकाइतकीच सुंदर वाटते, दुर्दैवाने तिच्याबद्दल कुणी व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड पाठवत नाही.

ही साखळी सुरू होते उटीला. डेव्हिड हूपर नावाचा इंग्रज रसायनतज्ज्ञ तिथे मद्रास सरकारचा क्विनॉलॉजिस्ट होता, म्हणजे सरकारी सिंकोनाच्या मळ्यातल्या सालीत मलेरियावरचं क्विनीन किती आहे ते मोजणारा माणूस. सालीतून अल्कलॉइड काढायचा हात बसलेला, त्यामुळे आजूबाजूच्या देशी झाडांवरही तेच तंत्र वापरायला लागला आणि १८८८ साली त्याने अडुळशाच्या पानातून एक अल्कलॉइड वेगळं काढलं, त्याला नाव दिलं व्हॅसिसीन, वासा या नावावरूनच. पुढे हूपर, मुंबईत सरकारी औषधभांडाराचे प्रमुख असलेले विल्यम डायमॉक आणि सी. जे. एच. वॉर्डन या तिघांनी मिळून भारतीय वनौषधींचा मोठा ग्रंथ केला. डायमॉक मुंबईच्या बाजारातून, वैद्यांकडून, हकिमांकडून माहिती गोळा करणारा माणूस. साहेब लोकांचा हेतू काय होता, त्यात किती व्यापार आणि किती कुतूहल यावर वाद घालता येतो, घालावाही, पण पानातला पदार्थ बाटलीत वेगळा दिसला तो तिथे आणि तेव्हा, हे मान्य करायला हवं.

आमच्या लॅबमध्ये मुलं हेच करतात, अर्थात सोप्या पद्धतीने. वाळलेल्या पानांची पूड अमोनियाने ओलसर करायची म्हणजे अल्कलॉइड मोकळं होतं, मग ते सॉल्व्हंटमध्ये उतरवायचं, गाळायचं, आटवायचं, आणि शेवटी केसाएवढ्या बारीक नळीने सिलिका लावलेल्या प्लेटवर एक ठिपका द्यायचा. प्लेट सॉल्व्हंटमध्ये उभी केली की तो ओलावा वर चढत जातो, ठिपक्यातले पदार्थ आपापल्या वेगाने मागे पुढे राहतात, आणि तोपर्यंत डोळ्याला काहीच दिसत नाही, कोरी पांढरी प्लेट. मग त्यावर अल्कलॉइड असेल तर रंग दाखवणारा ड्रॅगेनडॉर्फचा रिएजंट फवारायचा आणि क्षणात केशरी डाग उमटतो. दरवर्षी कुणीतरी ओरडतंच, मॅडम आलं आलं! खिडकीतून दिसणाऱ्या कुंपणातल्या पानातून हे आलंय, याचं त्या पोरांना जे वाटतं ते बघण्यासाठी मी नोकरी करते असं म्हटलं तरी चालेल. प्लेट उघडी राहिली, सॅम्पल जुनं झालं की दुसरा डाग वाढतो, कारण व्हॅसिसीनचं हवेतल्या ऑक्सिजनने व्हॅसिसिनोन होतं. म्हणजे ताजं पान, वाळवलेलं पान, वर्षभर गोणीत पडलेलं पान, तिन्हीतलं औषध सारखं नसतं. पान कुठल्या जमिनीतलं आणि कुठल्या ऋतूत तोडलं त्यावरही अल्कलॉइडचं प्रमाण बदलतं. बाटलीवर नुसतं 'अडुळसा' लिहून काहीच कळत नाही ते यामुळे.

व्हॅसिसीन हाताला लागलं म्हणून लगेच औषध मिळालं असं झालं नाही. १९२५ साली कर्नल रामनाथ चोप्रांनी, ज्यांना भारतीय औषधशास्त्राचे जनक म्हणतात, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये अडुळशाचा श्वासनळीवर काय परिणाम होतो ते सहकाऱ्यासोबत तपासलं. नंतरच्या दशकांत हे काम चालूच राहिलं आणि चांगलंच गुंतागुंतीचं झालं. एका प्रयोगात श्वासनळी सैल होते, दुसऱ्यात उलट आवळते, व्हॅसिसीन एक करतं आणि व्हॅसिसिनोन दुसरं, दोन्ही एकत्र दिली तर आणखी तिसरं. विद्यार्थी वैतागतात, म्हणतात मॅडम मग नक्की खरं काय. मला मात्र तो गोंधळ प्रामाणिक वाटतो. पानात एकच पदार्थ नसतो, अनेक असतात आणि ते एकमेकांना ओढत ढकलत असतात, त्यामुळे 'अडुळसा खोकल्यावर चांगला' या तीन शब्दांच्या वाक्याखाली किती काय दडलेलं आहे ते अशा निकालांमधूनच कळतं.

पुढचं वळण जर्मनीत आलं. तिथल्या बोहरिंगर इंगेलहाइमच्या थोमे या कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी व्हॅसिसीनची रचना समोर ठेवली आणि त्यावरून सुचलेले नवे रेणू बनवत गेले. व्हॅसिसीनमध्ये कड्या एकमेकींना जोडलेल्या आहेत, त्यांनी ती बांधणी मोकळी केली, ब्रोमीनचे दोन अणू बसवले, आणि १९६३ मध्ये ब्रोमहेक्झिन बाजारात आलं. घट्ट, चिकट कफ पातळ करून बाहेर पडायला मदत करणं हे त्याचं काम. मग लक्षात आलं की माणसाने ब्रोमहेक्झिन घेतलं की शरीरात त्याचं रूपांतर आणखी एका पदार्थात होतं आणि तो पदार्थ स्वतःही तेच काम करतो. तो म्हणजे ॲम्ब्रोक्सॉल. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तोच वेगळं औषध म्हणून आला. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या आतून एकमेकींना चिकटू नयेत म्हणून तिथल्या पेशी एक स्निग्ध पदार्थ सोडतात, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात, तो ॲम्ब्रोक्सॉलमुळे वाढतो हेही नंतर दिसलं.

इथे मला थोडं थांबायचंय, कारण दोन टोकांची माणसं इथे येऊन आपापला झेंडा रोवतात. एक म्हणतात बघा, जर्मनांनी आपलं अडुळशाचं औषध चोरलं. दुसरे म्हणतात बघा, खरं औषध लॅबमध्ये बनलं, पाल्यात काही नव्हतं. दोन्ही चूक. अडुळशाच्या पानात ब्रोमहेक्झिन नाही, ॲम्ब्रोक्सॉलही नाही, कितीही पानं उकळा, मिळणार नाही. त्यामुळे काढा प्यायल्यावर ॲम्ब्रोक्सॉल प्यायल्यासारखंच होतं हे म्हणणं खोटं आहे. पण त्या रेणूची कल्पना सुचली ती पानातल्या रेणूवरून, आणि पान हूपरच्या टेबलावर आलं ते इथे लोक पिढ्यान्‌पिढ्या ते खोकल्यासाठी वापरत होते म्हणून. माझ्या आत्यासारख्या असंख्य बायकांनी हात भाजून घेत जे टिकवलं त्याच्याशिवाय जर्मनीतल्या माणसाला कुठून सुरुवात करायची तेच कळलं नसतं, आणि जर्मनीतल्या माणसाशिवाय आत्याच्या वाटीतलं जगातल्या दुसऱ्या टोकाच्या पेशंटपर्यंत पोचलं नसतं. ही मालकीची भांडणं मला खरंच क्लेश देतात, कारण त्यात झाड बाजूला राहतं.

आता पिंपळी. १९२९ साली कार्तिकचंद्र बोस यांनी नोंद केली होती की अडुळशाच्या पानांबरोबर पिंपळी दिली की दम्यावरचा त्याचा गुण वाढतो. ही एक ओळ जवळजवळ पन्नास वर्षं पुस्तकात पडून होती. मग जम्मूच्या रीजनल रिसर्च लॅबोरेटरीत, आताची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिन, डॉ. सी. के. अटल यांच्या मनात आलं की आयुर्वेदातल्या एवढ्या योगांमध्ये, म्हणजे औषधी मिश्रणांमध्ये, त्रिकटू, म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी, सारखं का येतं. ती फक्त चवीला नसावी. मग त्यांनी तपासलं, पिंपळीत आणि मिरीत पायपरीन नावाचं अल्कलॉइड असतं, आणि ते बरोबर असलं की इतर औषधं रक्तात जास्त प्रमाणात पोचतात. आतड्याच्या पेशींमध्ये काही यंत्रणा औषध परत बाहेर ढकलतात, लिव्हरमधली काही एन्झाइम्स ते मोडून टाकतात, पायपरीन या दोन्हींना अडवतं. ह्याला बायोएन्हान्सर असं नाव पडलं.

आणि मग त्यांनी जे केलं त्याचं मला सगळ्यात जास्त कौतुक आहे. हे ज्ञान त्यांनी टीबीच्या औषधाला लावलं. रिफॅम्पिसीन हे टीबीचं मुख्य औषध, नेहमीचा डोस ४५० मिलिग्रॅम. जम्मूची लॅब आणि अहमदाबादची कॅडिला फार्मास्युटिकल्स यांनी मिळून एक गोळी केली ज्यात रिफॅम्पिसीन फक्त २०० मिलिग्रॅम, आयसोनिआझिड ३०० आणि पायपरीन १० मिलिग्रॅम. रायझोरिन नावाने ती २००९ मध्ये भारतात आली. निम्म्याहून कमी औषधात तेच काम. आत्याच्या वाटीतल्या त्या चिमूटभर पुडीचा अर्थ समजायला लॅब, प्राणी, माणसांवरच्या चाचण्या, परवानग्या असं सगळं लागलं, पण एकदा समजला तर तो अडुळशापुरता राहिला नाही, भलत्याच रोगाच्या पेशंटच्या उपयोगी पडला. जुन्या योगाची नुसती आरती केली असती तर हे झालं नसतं, आणि मागासलेपणा म्हणून फेकून दिला असता तरी झालं नसतं. कुणीतरी त्याला गंभीरपणे प्रश्न विचारला म्हणून झालं. त्या जुन्या श्लोकातल्या क्षयाबद्दलही एक छोटी गोष्ट सांगते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात ब्रोमहेक्झिन आणि ॲम्ब्रोक्सॉल टीबीच्या जंतूंची वाढ रोखतात असं दिसलं, पण ते परीक्षानळीत. माणसाच्या फुप्फुसात नाही. टीबीच्या गोळ्या सोडून अडुळसा घेणारा माणूस मी बघितलाय आणि त्याचं पुढे काय झालं ते मला इथे लिहायचं नाही, एवढंच सांगते की टीबीचा कोर्स मध्येच सोडू नका, कधीच.

यापुढचा भाग लिहिताना माझा हात जरा जड होतो. माझ्या नानांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावांना, पार्किन्सन आहे. शर्टाचं बटण लावायला त्यांना वेळ लागतो आणि कुणी मदत केलेली आवडत नाही, म्हणून आम्ही सगळे दुसरीकडे बघत गप्पा मारत थांबतो. मध्यंतरी चुलतभावाने मला एक बातमी पाठवली, खोकल्याच्या औषधाने पार्किन्सन थांबणार, आणि खाली लिहिलं, ताई हे तुझंच झाड ना?

हो, माझंच झाड. गोष्ट अशी आहे. आपल्या पेशींमध्ये जुनं साहित्य मोडून काढायची एक जागा असते, लायसोसोम. तिथे ग्लुकोसेरेब्रोसिडेझ नावाचं एक एन्झाइम काम करतं, ते बनवणारं जनुक म्हणजे जीबीए१. हे जनुक आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं आलं असेल तर गौशे नावाचा आजार होतो, आणि एकाकडूनच बिघडलेलं आलं असेल तर पार्किन्सन व्हायची शक्यता वाढते. पार्किन्सनच्या पेशंटांत हा बिघाड असणारे लोक थोडे, पण नगण्य नाहीत. बिघडलेल्या एन्झाइमची घडी चुकते, कपाटात न मावणाऱ्या चुकीच्या घडीच्या चादरीसारखी, आणि ते पोचायचं तिथे पोचतच नाही. २००९ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी आधीपासून माहीत असलेली हजारभर औषधं एकेक करून तपासली, यातलं कुठलं त्या एन्झाइमची घडी सावरायला मदत करतं का. त्यात निघालं ॲम्ब्रोक्सॉल. कफाचं औषध! कुणी तर्काने तिथे पोचलं नसतं, त्यांनी पूर्वग्रह न ठेवता सगळंच तपासलं म्हणून ते हाताला लागलं.

पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अँथनी शापिरांच्या टीमने पार्किन्सनच्या मोजक्या पेशंटांना ॲम्ब्रोक्सॉल दिलं, निकाल २०२० मध्ये आले. सतरा जणांनी सहा महिन्यांचा अभ्यास पूर्ण केला. औषध मेंदूभोवतीच्या पाण्यापर्यंत पोचतं हे दिसलं, तिथे एन्झाइमचं प्रमाण वाढलेलं दिसलं, लोकांना ते झेपलं. पण तिथे खोटं औषध घेणारा तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे गुण आला असं म्हणता येत नाही. २०२५ मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासाचा निकाल आला, पार्किन्सनमुळे स्मृती जायला लागलेल्या ५५ लोकांवर वर्षभर केलेला, त्यात स्मृतीच्या मुख्य मोजमापात फरक पडला नाही, मनाच्या लक्षणांमध्ये मात्र औषध घेणारे स्थिर राहिले आणि न घेणाऱ्यांची वाढली. आता ब्रिटनमध्ये ३३० लोकांवर दोन वर्षांची मोठी चाचणी सुरू झाली आहे आणि खरं उत्तर त्यातून मिळेल.

भावाने लगेच विचारलं, तोवर नानांना सुरू करू का, मेडिकलमध्ये तर स्वस्तात मिळतं. मी नाही म्हटलं, आणि का ते इथे सविस्तर लिहिते कारण हा प्रश्न अनेक घरांत पडत असणार. खोकल्यासाठी मोठ्या माणसाला ॲम्ब्रोक्सॉल दिवसभरात साधारण ९० मिलिग्रॅम देतात. लंडनच्या अभ्यासात डोस चढवत चढवत दिवसाला १२६० मिलिग्रॅमपर्यंत नेला होता, म्हणजे चौदा पट, तोही सारख्या तपासण्या करत, डॉक्टरांच्या नजरेखाली. घरच्या घरी तेवढं घेणं धोक्याचं, आणि खोकल्याइतकं घेऊन मेंदूवर परिणाम होईल असं मानायला आधार नाही. हे औषध अगदी बिनधोक आहे असंही नाही, फार क्वचित पण गंभीर ॲलर्जी आणि त्वचेच्या रिॲक्शन होऊ शकतात म्हणून २०१५ साली युरोपात त्याच्या माहितीपत्रकात तसा इशारा घालायला लावला. आणि अडुळशाचा काढा पिऊन यातलं काहीच साधणार नाही, कारण पानात ॲम्ब्रोक्सॉल नाही, ते वर सांगितलंच. नानांना हे मी स्वतः जाऊन सांगितलं. ते म्हणाले, बाळ, म्हणजे वाट बघायची. म्हटलं हो नाना, पण या वेळी वाट बघण्यासारखं खरंच काहीतरी आहे.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, यावर येते असं म्हटलं होतं. त्याच जम्मूच्या लॅबने व्हॅसिसीनवर खूप काम केलं आणि १९८० च्या सुमारास दाखवून दिलं की ते गर्भाशयाचं आकुंचन घडवतं, बाळंतपणात वापरतात त्या औषधांच्या तोडीचं. म्हणजे ज्या पानाचा रस आपण निर्धास्तपणे पाजतो त्यात हा गुणही आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, काहींत गर्भपात झाला, काहींत काहीच झालं नाही, पण गरोदर बाईच्या बाबतीत शंकेचा फायदा झाडाला द्यायचा नसतो, तिला द्यायचा असतो. गरोदरपणात अडुळसा नको. काढा नको, सिरप नको, 'घरचंच आहे' म्हणूनही नको. किती घरांत सून खोकत असते आणि सासू मायेनेच वाटी पुढे करते, तिला कुणी हे सांगितलेलंच नसतं. ते सांगणं आमचं काम आहे, फार्मसीवाल्यांचं, आणि ते आम्ही पुरेसं करत नाही याचा मला राग येतो. बाटलीच्या पाठीमागे दिसेल न दिसेल अशा अक्षरात छापून ते काम होत नाही.

भेसळीचाही प्रश्न आहेच. अडुळशाच्या नावाखाली महारुखाची पानं खपवतात हे आमच्या पाठ्यपुस्तकात कधीपासून आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं तर खरा अडुळसा लपत नाही, पानावरच्या रंध्रांना दोन पेशी आडव्या कवेत घेऊन बसलेल्या दिसतात आणि आत चुन्याचे लांबट खडे, सिस्टोलिथ, दिसतात. पण बाजारातली पूड घेणाऱ्याकडे सूक्ष्मदर्शक कुठे असणार. अडुळसा सुदैवाने दुर्मिळ नाही, फांदी खोचली तरी जगतो, त्यामुळे परसात एक झुडूप लावा, पान स्वतः ओळखायला शिका, हे मी सगळ्यांना सांगते.

अलीकडे दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेत अख्ख्या अडुळशाच्या अर्काचा अभ्यास झाला. तीव्र दम्याचं मॉडेल असलेल्या उंदरांमध्ये ऑक्सिजन कमी पडल्यावर पेशी जी घबराट दाखवतात ती अर्काने कमी झाली, २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मला हे काम महत्त्वाचं वाटतं कारण त्यात एकच रेणू न घेता आयुर्वेदिक पद्धतीने केलेला पूर्ण अर्क घेतला होता आणि तरी मोजमाप आजच्या काट्यावर केलं होतं. पण ते उंदीर आहेत.

माणसांसाठी मला जे हवंय ते फार साधं आहे. आपल्याकडे पावसाळा संपताना सर्दीनंतर रेंगाळणारा खोकला घेऊन माणसं ओपीडीत रांगा लावतात. त्यातल्या गरोदर नसलेल्या, टीबी नसलेल्या, तयार असलेल्या मोठ्या माणसांना तीन गटांत वाटायचं, एकाला व्हॅसिसीनचं प्रमाण मोजून ठेवलेला अडुळशाचा रस मधातून, दुसऱ्याला नुसता मध, तिसऱ्याला त्याच चवीचं खोटं औषध, आणि देणाऱ्यालाही माहीत नसावं कुणाला काय. कडू चव हुबेहूब जमवणं हाच काय तो अवघड भाग, तो आमची पोरं सोडवतील. कुणाचा खोकला किती दिवसात थांबला, रात्री झोप लागली का, काही त्रास झाला का, एवढंच लिहून ठेवायचं. शक्य झालं तर चौथा गट पिंपळी घातलेल्या रसाचा. एवढ्याला परदेशी यंत्रं लागत नाहीत, एथिक्स कमिटीची परवानगी लागते, एक आयुर्वेद कॉलेज, एक मेडिकल कॉलेज आणि एक फार्मसी कॉलेज यांनी एका टेबलावर बसावं लागतं, आणि निकाल अडुळशाच्या विरुद्ध गेला तरी तो छापायची तयारी लागते. मी माझ्या बाजूने प्रोटोकॉलचा कच्चा मसुदा लिहायला घेतलाय. सातारा, सांगली, कोल्हापूर भागातल्या कुणा वैद्यांना किंवा छातीच्या डॉक्टरांना यात रस असेल तर खाली लिहा, पानं मोजून, तपासून, प्रमाणित करून द्यायची जबाबदारी आमच्या लॅबची.